किहीमच्या नाटकमांडवाची निरवानिरव

गेल्या संकष्टीस सकाळी पालीस जाऊन मी बल्लाळेश्वरापुढे कबूल केले, की माझ्या नावावरची नाटके माझी नाहीत. देवास ते ठाऊकच असावे. आता माणसांसही कळावे म्हणून मी, भागोजी नामा थळे, वय वर्षे ४९, धंदा वाडीचा, राहणार किहीम, तालुका अलिबाग, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. पत्नी नीराबाईचे मत वेगळे असले तरी.

१. राहते घर व विहीर नीराबाईस.

२. नारळाची वाडी थोरले बंधू धर्माजी यांस. तीतला नाटकाचा मांडव सोडून. जत्रेत तेच ते पौराणिक खेळ पाहून कंटाळलो, म्हणून सन १९२३ साली तो उभारला. नियम एकच: येथे नवेच नाटक होईल, आणि तीन प्रयोगांनंतर पुन्हा नाही. दादा तेव्हापासून म्हणतात, "तू डोळे मिटलेस का मी हितं नारळ भरीन. नारळ गप तरी बसतात." तरी एकोणीस नाटकांत त्यांची पुढली जागा कधी रिकामी राहिली नाही. ती तहहयात त्यांचीच. घोरू मात्र नये.

३. मुकुट, तलवारी व सर्व मिशा दयारामास. बिचाऱ्याने जन्मभर नायिकाच केली.

४. पहिले नाटक पडले. दुसऱ्यापासून माझी धाकटी विधवा बहीण कृष्णाबाई वही घेऊन पडद्याआड बसू लागली. तिला वाचायला मीच शिकवले होते. आमचे नट दिवसभर शेतात, पाठ कधी करणार? ती सांगेल ते बोलत. सहाव्या नाटकात ध्यानात आले, की लोक ज्यावर टाळ्या देतात ते मी लिहिलेलेच नाही. जाब विचारला.

"भाऊ, तुझी नायिका दोन पानं रडते. मी तिला अर्ध्यात उठवली. घरात भात कोन रांधील?"

तरी वहीवर नाव माझेच ठेवले. टाळ्या गोड लागतात. हे पाप माझे.

५. मांडव मृत्युपत्राने दिला तर दादा कोर्टात जातील. म्हणून काल अलिबागेस जाऊन जागेसह तो कृष्णाबाईस बक्षीसपत्राने नोंदवून दिला, आणि दुसऱ्या नाटकापासूनच्या सर्व वह्यांवर माझे नाव खोडून तिचे घातले. दस्त वाचून ती म्हणाली, "भाऊ, शेवटचं वाक्य लांबलंय." सरकारी शिक्का होता, म्हणून तेवढे एक तिला बदलता आले नाही.

सही: भागोजी नामा थळे
साक्षीदार: करमअली, नारळाचे व्यापारी (वाचून हसले, मग सही केली), रावजी, देवळाचे पुजारी
मुक्काम किहीम, ता. १२ नोव्हेंबर १९३६