डाव्या बाजूचे लोक

१२ जानेवारी

ती. काकांस,
ठकूचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धरते. फोनवर माझा आवाज तुम्हाला बरणीत अडकलेल्या माशीसारखा येतो, म्हणून पत्रच बरं. छापखान्यातल्या यंत्रानं तुमचे कान नेले आणि माझ्या बोटांना लिहायचं काम लागलं.

माझं बरं चाललंय. म्हणजे, चाललंय. सकाळी पावणेसहाला कॅफेचं शटर वर करते. मशीन तापेपर्यंत कप पुसते, दुधाचे जग मांडते, पहिल्या दोन कॉफ्या चव बघून ओतून टाकते. दुधाचं काम माझ्या शेजारची लंबू बघते, उंचीवरून हे नाव मीच पाडलंय. अकरा वर्षं हेच करतेय, तरी तुम्ही शेजारच्या मास्तरीणबाईंना मी हॉटेलात आहे म्हणून सांगता! आम्हाला बरिस्ता म्हणतात, काका. दुपारी तीनला घरी येते तेव्हा केसांनासुद्धा चोथ्याचा वास असतो आणि जिना चढताना मधल्या मजल्यावर बसावंसं वाटतं. परवा खरंच बसले.

एक सुख आहे. अकरा वाजेपर्यंत कॅफेत कुठली गाणी लावायची हे मी ठरवते. कुठल्याही कंपनीच्या दावणीला न बांधलेली माणसं मला आवडतात, हे तुम्हाला माहीतच आहे. सध्या दोन बहिणींचं वेड लागलंय. गाणी त्यांनीच लिहायची, स्वतःच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड करायची, पाकिटावरचं चित्रही त्यांनीच काढायचं. एका गाण्यात मागे कुकरची शिट्टी ऐकू येते म्हणे, मला अजून सापडलेली नाही. नवीन गाण्यांत त्यांनी आवाज फार मागे ठेवलाय, शब्द कळत नाहीत. हल्ली सगळेच असं करतात. गिऱ्हाइकंसुद्धा तोंडातल्या तोंडात बोलतात. बिनदुधाची म्हणतात की बिनसाखरेची, देव जाणे.

तब्येतीला जपा. माया आहे तेवढी राहू द्या, वाढली तरी चालेल.

तुमची,
ठकू

---

२१ जानेवारी

चि. ठकूस अ. उ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मास्तरीणबाईंना वाचायला दिलं. तू हॉटेलात नाहीस हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, मग ती करते काय. मी म्हटलं, कॉफी. त्या म्हणाल्या, मग हॉटेलच की. माझा नाइलाज झाला.

मधल्या मजल्यावर बसलीस ते चांगलं केलंस. दमलेल्या माणसानं बसावं, त्यात लाज कसली.

आता दोन प्रश्न विचारतो, रागावू नकोस. कॉफी दळायचं ते यंत्र तुझ्या कुठल्या बाजूला असतं? आणि त्या बाजूचा कान वर राहील अशा कुशीवर झोपलीस की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते का? म्हातारा उगाच चौकशा करतो असं समज, पण उत्तर दे.

तो कुकर तुझ्या लंबूला ऐकू येतो का, तेही विचार.

इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो, तो मला ऐकू येत नाही एवढंच बरं. आम्हाला विसरू नकोस.

तुझा,
काका

---

६ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

यंत्र डाव्या बाजूला असतं. घड्याळाचं सेल संपलंय. माझ्या कानांना काही झालेलं नाही. तुम्हाला सर्दी झाली की तुम्हाला सगळं गाव शिंकताना दिसतं, तसलाच हा प्रकार.

चिडून लिहितेय, माफ करा. आठवडा वाईट गेला. लंबूला माझ्यामुळे भाजलं. मागून गरम जग घेऊन जाताना "मागे" असं ओरडायचं, हा आमचा नियम. मंगळवारी गर्दीत मी वळले आणि सरळ तिच्यावर आदळले. उकळतं दूध तिच्या हातावर सांडलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल झाली. ती ओरडली नाही, नुसती खाली बसली. मी नळाखाली तिचा हात धरला आणि तिलाच विचारलं, की तू सांगितलं का नाहीस.

ती म्हणते, दोनदा सांगितलं होतं. कॅशवरच्या पोरीनं ऐकलं, रांगेतल्या तिसऱ्या माणसानंही ऐकलं. मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, की तुझं लक्ष कुठे असतं. लक्ष तिथेच होतं, काका. गाणं जरा मोठं होतं, बस.

लंबू चार दिवस रजेवर आहे. कुकरचं तिला विचारलं नाही. आता कोणत्या तोंडानं विचारू?

फार दमलेय. झोपून उठते तीही दमलेलीच. लोभ कमी करू नका, सध्या लागतोय.

ठकू

---

१० फेब्रुवारी

चि. ठकूस अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला बसलो, पण चार कागद फाडले. हा पाचवा.

तुझी काकू गेली त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट आहे. कुणाला सांगितलेली नाही. मला तेव्हाच धड ऐकू येत नव्हतं. पण मी छापखान्यातला मुख्य यंत्रचालक. नुसत्या आवाजावरून कुठला रूळ सैल झालाय ते सांगणारा माणूस, असं माझं नाव होतं. ऐकू येत नाही हे कुठल्या जिभेनं सांगणार? मग मी एक युक्ती शिकलो. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले, की मान डोलवायची आणि हूं म्हणायचं. दहांतली नऊ माणसं तेवढ्यावर खूश होतात.

काकू ओट्याशी काम करता करता बोलायची, पाठमोरी. मी पेपर वाचता वाचता हूं म्हणायचो.

पुढे तिला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, दम कधीपासून लागतो. तिनं काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं: "दोन महिने. यांना सांगितलं होतं म्हणतात."

ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. ऐकूनही मी काही केलं नाही, एवढं तिनं समजून घेतलं होतं, आणि त्यासाठी मला माफही करून टाकलं होतं. ठकू, मला ऐकूच आलं नव्हतं, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. बहिरा ठरण्यापेक्षा बेफिकीर ठरलो. यातलं कुठलं जास्त वाईट, ते अजून ठरवता आलेलं नाही.

लंबूचा हात बरा होईल. तू कान तपासून घे. मी विनंती करत नाही, सांगतोय.

काका

---

२ मार्च

ती. काकांस,
ठकूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. काकूबद्दल मला काही लिहिता येत नाही. तुम्ही समोर असतात तर तुमच्या शेजारी नुसती बसले असते.

तपासून आले. एका छोट्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन घालतात आणि आवाज आला की बटण दाब म्हणतात. उजव्या कानाला मी भराभर बटण दाबलं. मग बराच वेळ सगळं शांत. वाटलं, यंत्र बिघडलं. काचेपलीकडच्या बाईंना हातानं खूण केली, की आवाज बंद पडलाय. त्यांनी मान हलवली. त्या डाव्या कानात गेली दोन मिनिटं आवाज सोडत होत्या.

डावा बराच गेलाय. उजवा अजून चांगला आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. डाव्या कानाला यंत्र, कामाच्या वेळी उजव्यात बोळा. अकरा वर्षं दळायचं यंत्र, आणि संध्याकाळी छोट्या हॉलमध्ये स्पीकरला चिकटून गाणी ऐकायची माझी हौस. दोन्ही मी आपल्या पायांनी चालत जाऊन घेतलंय.

लंबूला सांगितलं. तिच्या हातावर पट्टी होती. ती म्हणाली, की वर्षभर तिला वाटत होतं मला शिष्टपणा आलाय, हाक मारली तरी मी बघत नाही. दुसऱ्या कॅफेत जायचं तिनं जवळजवळ ठरवलं होतं. आम्ही दोघी कोठीत पोत्यांवर बसून रडलो. बाहेर रांग लागली होती.

मालकीणबाईंनी मला काढलं नाही. दळायचं यंत्र दुसऱ्या टोकाला हलवलं. पण गाणी माझ्याकडून काढून घेतली. आवाज फार मोठा असतो म्हणून लोक कित्येक महिने तक्रार करत होते, ते त्यांनी मला आता सांगितलं. आता लंबू गाणी लावते. तिची आवड म्हणजे साबणाच्या जाहिरातीत शोभतील अशी गाणी. मी काही बोलत नाही. कोणत्या तोंडानं बोलू, आणि तिचा हात तर रोज समोर दिसतो.

कुकर दुसऱ्या गाण्यात आहे. लंबूनं सांगितलं.

मी जाऊन आले, काका. आता तुमची पाळी. सबब चालणार नाही. आशीर्वादाचा हात आहे तिथेच राहू द्या.

तुमची,
ठकू

---

१३ मार्च

चि. ठकूस अ. उ. आ.

शाबास. एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो.

माझी पाळी म्हणतेस. मी एकाहत्तर वर्षांचा. खरं सांगू? भीती वाटते. घर गप्प आहे याचं खापर मी इतकी वर्षं कानांवर फोडलंय. यंत्र घातलं आणि तरीही घर गप्पच निघालं, तर?

पण तुला हुकूम सोडून आपण लपून बसणं बरं दिसत नाही. मास्तरीणबाईंनी पंचवीस तारखेची वेळ घेतली आहे. त्या बरोबर येणार आहेत, म्हणजे मला पळता येणार नाही.

आठवण ठेवतेस, तशीच ठेवत जा.

काका

---

२ एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या कानातल्या यंत्राची बातमी मास्तरीणबाईंनी फोनवर दिली. पहिल्याच दिवशी तुम्ही फ्रीजला गप्प बस म्हणून दरडावलंत म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीपलीकडून हाक मारली आणि तुम्ही पटकन ओ दिलीत, तेव्हा त्यांच्याच हातातलं भांडं पडलं. म्हणजे घर अगदीच गप्प निघालं नाही.

त्या दोघी बहिणी शनिवारी इथे गाऊन गेल्या. दोन वर्षं मी त्यांची वाट बघत होते. लंबू बरोबर आली, त्या बाजूचं माझ्यासाठी ऐकायला मुद्दाम माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली. मी बोळा घालून मागच्या भिंतीशी. गाणं उशीखालून आल्यासारखं वाटत होतं. चौथ्या गाण्याला मी बाहेर आले आणि पायरीवर बसले. कार्यक्रम अर्धा टाकून मी आयुष्यात कधी उठले नव्हते. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. फक्त दमले होते. थोड्या वेळानं लंबूही बाहेर येऊन बसली. आत तिला फारसं आवडलं नव्हतं, पण माझं मन राखायला उभी होती, असं ती म्हणाली. दोघी चालत घरी आलो.

सोमवारी सकाळी एक गुरांचे डॉक्टर आले. तीन वर्षं रोज येतात, बिनदुधाची नेतात. आपापला कप ओळखू यावा म्हणून आम्ही त्यावर नाव लिहितो. मी पेन उचललं आणि मग काय वाटलं कोण जाणे, त्यांना सांगून टाकलं, की मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, जरा या बाजूला येऊन बोला. गिऱ्हाइकाला हे सांगायची ही पहिलीच वेळ. माझे कान तापले, दोन्ही.

ते वळसा घालून उजवीकडे आले. थोडे घुटमळले. मग अगदी संकोचून म्हणाले, की तसं असेल तर एक गोष्ट सांगतो, तुम्ही कपावर लिहिता ते माझं नाव नाही. पहिल्या दिवशीच तुमचा ऐकण्यात घोटाळा झाला. तुम्ही इतक्या आपुलकीनं हाक मारली, की दुरुस्त करायचं राहून गेलं. आता तर दवाखान्यातली माणसंही त्यांना गमतीनं त्याच नावानं हाक मारतात.

तीन वर्षं, काका. रोज.

मी त्यांना खरं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मला नीट कळलं नाही. मान डोलवायला निघालेच होते, पण थांबले आणि म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. रांगेतलं कुणीतरी खाकरलं. मी म्हटलं, आणखी एकदा. तिसऱ्या वेळी कळलं. छोटंसं, साधं नाव आहे. कपावर लिहिलं आणि मोठ्यानं हाक मारली.

तुम्ही आहात तसेच राहा, आणि मला हाक मारत राहा.

तुमची,
ठकू