मी आउट म्हणाले

१८ जानेवारी २०१६
कॉलनीतल्या बॅडमिंटन कोर्टचं नेट आज खाली बांधलं. कमरेच्या जरा खाली. लगेच तळमजल्यावरचे काका गॅलरीत. "कदम मॅडम, कपडे वाळत घालायचेत का?" हसा म्हटलं, हसा. पी.टी. शिक्षकांच्या शिबिरातून आणलेल्या चार बॅटी, भोकांचा प्लास्टिकचा चेंडू. नाव सांगितलं पिकलबॉल, तर आणखी हसले. ह्यांना बळंच खेळायला उभं केलं. दहा मिनिटांत हे घामाघूम, आणि काका चप्पल घालून खाली! "द्या बघू एक बॅट."
गुडघ्याने बॅडमिंटन सोडायला लावलं त्याला सहा वर्षं झाली. आज गुडघा हूं की चूं नाही.

३० जाने.
शाळेत सातवी-आठवीला दाखवला. हेडबाई म्हणाल्या, पी.टी.च्या तासात कबड्डी पुरे, हे कुठलं नवीन खूळ. त्यांना काय सांगायचं.
कॉलनीत आता सकाळचे नऊ जण. सगळे पन्नाशीपुढचे. भांडणं सुरू. टप्पा आत की बाहेर. मी ठणकावून सांगितलं, आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय आपणच द्यायचा, लाइनला लागला तर आत, आणि शंका आली तर पॉइंट समोरच्याचा. या खेळात प्रामाणिकपणा पहिला. काकांनी टाळ्या वाजवल्या. मोठी आली प्रामाणिकपणा शिकवणारी. (हे वाक्य आज, दोन वर्षांनी, समासात लिहिलंय.)

९ मार्च
कोन गावची भारती पाटील. आठवीतल्या साहिलची आई. त्याला न्यायला आली होती, शाळेत मी खडूने आखलेल्या कोर्टाबाहेर पर्स धरून उभी. "बाई, यो काय खेल हाय? मना पन मारून बघू द्या ना." साडी खोचली, चपला काढल्या. पहिला चेंडू थेट सायकल स्टँडवर. दुसरा पण. तिसरा मागच्या लाइनवर, कोपऱ्यात, सपाट. मी पाय हलवायच्या आत गेला सुद्धा.
परत मार म्हटलं. परत तिथेच.
एवढ्या वर्षांत असा हात पाहिला नाही. ३७ वय, शाळेत असताना लंगडीशिवाय काही खेळली नाही म्हणते.

४ एप्रिल
भा. रोज सातला येते. स्कूटीवरून, ट्रॅकपँटवर कुर्ता. घरी बंगला, गाड्या, नवऱ्याचे डंपर, कशाला कमी नाही. पण सासऱ्यांना वाटतं ती नवीन पनवेलला योगाला येते. म्हटलं खोटं कशाला? म्हणाली, "योगा बोलला का कुनी काय इचारत नाय. खेल बोलला का सगली इचारतान."

२१ ऑगस्ट
कामोठ्यातून फोन, तिथल्या दोन सोसायट्यांना शिकायचंय. खारघरहून पण. ग्रुपवर आता ७४ जण. कॉलनीच्या पार्किंगमध्ये पिवळ्या रंगाने लाइनी मारल्या म्हणून सेक्रेटरी बोंबलले, आणि आज संध्याकाळी तेच बायकोला घेऊन खेळायला हजर. सुताराने प्लायच्या बॅटी करून दिल्या, जड आहेत पण चालतात. सगळे मला "कोच" म्हणायला लागलेत. लिहायला लाज नाही, आवडतं मला.

२ ऑक्टोबर
राज्य संघाची निवड नोव्हेंबरात. ३५ वर्षांवरच्या महिला, एकेरी, जागा एक. भा.ला म्हटलं तू उतर. मीही उतरणार. ती चटकन म्हणाली, "मंग कशाला? तुमीच जिकनार." म्हटलं, कोर्टवर कोणी कुणाची बाई नसते. छान वाटलं तेव्हा, असं बोलताना.

९ नोव्हेंबर
भा.ने घरी खरं सांगितलं. सासरे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी: "शिलेक्शन झाला तं जा. नाय झाला तं यो खेल बंद, गप घर बघ." तिने मान्य केलं. मला हसत हसत सांगितलं, आणि लगेच सर्व्हिसला उभी राहिली.
माझं काय, हरले तर हरले. शाळा आहे, क्लास आहे. तरी मला जायचंय. ४६ वय. युनिव्हर्सिटीत बॅडमिंटनला राखीव म्हणून बसून आले होते, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. छातीवर महाराष्ट्र लिहिलेला शर्ट एकदा तरी

२० नोव्हेंबर
झालं. माझं सिलेक्शन झालं.
जेवण गेलं नाही. ह्यांना वाटतंय आनंदाने.

२१ नोव्हें.
लिहून टाकते. इथे तरी लिहिलंच पाहिजे.
फायनल भा. आणि मी. पहिला गेम तिचा, दुसरा माझा. तिसऱ्यात ती १०, मी ९. सर्व्हिस तिची. म्हणजे एक पॉइंट आणि ती राज्य संघात. लांबलेली रॅली, मी पुढे ओढली गेले, आणि तिने तो तिचा फटका मारला, माझ्या डाव्या कोपऱ्यात. मी वळून पाहिला. टप्पा लाइनवर. मागच्या कडेला, पण लाइनवर. स्वच्छ.
आणि मी बोट वर केलं. "आउट!"
उचलली जीभ लावली टाळ्याला. विचार केलाच नाही म्हणावं तर तेही खोटं. एक क्षण होता मधे. मला शर्ट दिसला.
रेफरी नेटपाशी, लाइनला कोणी नाही, कॉल खेळाडूचाच. हॉलची लाकडी जमीन, चेंडूचा ठसाही उठत नाही. रेफरीने भा.कडे बघितलं. ती काय म्हणाली? "बाई बोलल्या ना आऊट, मंग आऊट." चेंडू माझ्याकडे टाकला; पॉइंट कुणालाच नाही, फक्त सर्व्हिस माझी. मी सलग तीन पॉइंट घेतले. १२-१०. ती येऊन पाया पडली माझ्या. सगळ्यांदेखत.
शी. शी. शी.

२३ नोव्हें.
आज सांगते, उद्या सांगते. आज सकाळी कोर्टवर ती आलीच नाही. साहिलला शाळेत विचारलं. "आई घरीच. आजोबा बोलले पुरे आता." पोराच्या डोळ्यांना डोळा देता आला नाही. मोठ्याने शिट्टी मारून वर्ग मैदानात पळवला, उगाच, तीन फेऱ्या.

५ डिसेंबर
कोनला गेले तिच्या घरी. सांगायलाच गेले होते, देवाशपथ. तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबी, सासरे स्वतः पाट ओढून बसा म्हणाले. "म्याडम, तुमी महाराष्ट्रातर्फे चाललाव, आमाला अभिमान हाय." भा. वाढत होती. मी जेवले. सांगितलं एवढंच की हिला खेळू द्या, हात सोन्याचा आहे. माझ्या शब्दाखातर तयार झाले ते. म्हणजे बघा. माझ्या शब्दाखातर!
निघताना दारात भा.ने विचारलं, "बाई, त्यो शेवटचा, किती बाहेर व्हता?"
चोराच्या मनात चांदणं. म्हटलं, "थोडाच."
"म्हंजे माजा फटका लांब जातो काय?"
मी म्हटलं, "हो. जरा लांब जातो."

१२ डिसें.
ती परत यायला लागली. आल्या आल्या: "बाई, त्यो फटका आखूड करायला शिकवा." मी शिकवला. मनगट कसं धरायचं, चेंडू लाइनच्या दीड फूट अलीकडे कसा पाडायचा. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय. शिकवताना आवाज नेहमीसारखाच निघाला माझा, त्याचीच जास्त भीती वाटली.

१४ फेब्रुवारी २०१७
नॅशनलहून परत. दुसऱ्या फेरीत गारद. शर्ट ट्रंकेत तळाशी घातला. कॉलनीने हार घातला, काकांनी भाषण केलं. भा.ने पेढे आणले. मी एकच खाल्ला, तोही तिने बळंच भरवला.
हे म्हणाले, "हरल्याचं एवढं काय मनाला लावून घेतेस?" ह्यांना सांगायला हवं होतं. ह्यांना सुद्धा नाही सांगितलं.

३ ऑगस्ट २०१७
भा.चा फटका गेला. आता चेंडू मधेच पडतो, कुणीही उचलून मारतं. कामोठ्याच्या त्या नवशिक्या बाईकडून आज हरली. बॅट गुडघ्यावर आपटत म्हणाली, "आदी मना कसा जमत व्हता, आता हातच इसरला." मी म्हटलं, सरावाने येईल. सरावानेच तर गेला, बये. माझ्या सरावाने.

१९ नोव्हेंबर २०१७
यंदाच्या निवडीला मी उतरले नाही, गुडघ्याचं कारण. भा. पहिल्याच फेरीत बाहेर. घरी काय झालं माहीत नाही, विचारलं नाही. सगळे म्हणाले मोठं मन तुमचं, शिष्येसाठी जागा सोडलीत. थोबाडीत मारल्यासारखं झालं.

६ मे २०१८
पेपरात जाहिरात. नव्या टॉवरच्या चित्रात स्विमिंग पूल, जिम, पिकलबॉल कोर्ट! अडीच वर्षांपूर्वी कपडे वाळत घालताय का विचारत होते. काकांनी कात्रण ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं "याचं श्रेय एकाच व्यक्तीला." ६१ हात जोडलेले. मी फोन पालथा ठेवला.

२५ ऑक्टोबर २०१८
कोनला भा.च्या सासऱ्यांनी, खेळ बंद म्हणणाऱ्या त्यांनीच, स्वतःच्या जागेत कोर्ट बांधलं. सिमेंटचं, कडेने जाळी. गावातल्या सुना, पोरी, पंधरा-वीस जणी येतात. भा. शिकवते त्यांना. आज मला पाहायला बोलावलं. एक मुलगी छान सपाट, लांब मारत होती, अगदी भा.चा जुना फटका. भा. धावत गेली, तिचं मनगट धरलं. "आखूड मार गो, आखूड. लांब जातो. माज्या बाईंनी शिकवलाय मना."
मुलीने पुढचा आखूड मारला.
तिथेच बसावंसं वाटलं खाली. माझं एक खोटं आता दुसऱ्याच्या लेकीच्या हातात चाललंय. आणि मी जाळीबाहेर चहा पितेय.

२६ ऑक्टो.
सांगितलं.
शाळा सुटल्यावर रिक्षाने गेले कोनला. कोर्टवर ती एकटीच झाडत होती. झाडू हातातून घेतला, म्हटलं आधी ऐक. सगळं सांगितलं. टप्पा लाइनवर होता. दिसला होता मला. आखूड कर म्हटलं तेही त्यासाठीच. रडायचं नाही ठरवलं होतं, नाही रडले.
तिने मागच्या लाइनकडे बघितलं. मग: "दिसला व्हता?"
हो म्हटलं.
"मना वाटला तुमाला दिसला नसंल. मी तवाच घरी येऊन बोलले व्हते, मना वाटतंय आत व्हता. सासरं वरडले, बाईंवर आल घेतेस काय? मंग मीच सोताला बोलले, आपलेच डोले खोटे."
झाडू परत घेतला. मी माफ कर म्हटलं. ती अर्ध्यावर राहिलेलं झाडायला लागली.

२९ ऑक्टो.
ह्यांनाही सांगितलं. मग म्हणाले, राज्य असोसिएशनला पत्र लिही. लिहिलं, पाठवलं. तिथल्या सेक्रेटरींचा फोन: "मॅडम, दोन वर्षं झाली, आता काय करणार? विसरा. फेब्रुवारीत तुमच्याकडेच रेफरींचं शिबिर ठेवतोय." डोकं फिरलं माझं. नको म्हटलं आणि फोन ठेवला.
भा. ग्रुपवर नाही. कधी गेली कळलं नाही.

११ नोव्हेंबर
सकाळी सहाला फोन. भा. "कोनला येताव?" एवढंच.
गेले. पोरी अजून आल्या नव्हत्या. नमस्कार नाही, काही नाही. मला मागच्या लाइनपाशी कोपऱ्यात उभं केलं. "मी मारताव. तुमी सांगा." बादलीभर चेंडू घेऊन पलीकडे गेली. हायवेच्या कामाची धूळ कोर्टावर बसलेली, प्रत्येक टप्प्याचा ठसा उठत होता.
पहिला आखूड. दुसरा आखूड. मग मनगट सैल सोडलं तिने, आणि लांब गेला. "बाहेर," म्हटलं. ती नेटला वळसा घालून चालत आली, वाकून ठसा बघितला, काही न बोलता परत गेली. पुढचा बाहेर. परत आली, बघितलं, गेली. प्रत्येक वेळी. दहा, बारा, पंधरा. एकही लाइनवर पडेना. तिचा कुर्ता घामाने पाठीला चिकटला, मला बघवेना.
पुढचा आला तो लाइनच्या जवळ. अगदी जवळ. मी ओरडले, "आत! आत आला!"
ती चालत आली. वाकली. लाइन आणि ठसा यांच्यात दोन बोटं अंतर. स्वतःची दोन बोटं ठेवून मला दाखवली.
"बाहेर हाय, बाई. आता तरी नका ना."
हो म्हटलं. बाहेरच होता.
ती परत गेली. बादलीत अजून निम्मे चेंडू होते. मी लाइनपाशी तशीच उभी राहिले, तिने पुढचा उचलला आणि मारला. या वेळी मी आधी वाकून ठसा बघितला, मगच तोंड उघडलं.