मुळातच कच्ची पानं

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
आमची ही तीन आठवड्यांसाठी लेकीकडे गेली. गॅलरीतल्या लिलीच्या तीन कुंड्या माझ्या ताब्यात. प्रकरण असं आहे: लेकीची रजा संपतेय, हिची लायब्ररीतली नोकरी दुपारी तीनपर्यंत, मग सहा महिन्यांच्या नातीला सकाळी सांभाळणार कोण? मी म्हटलं, मी. लेक फोनवर म्हणाली, बाबा?? (दोन्ही प्रश्नचिन्हं स्पष्ट ऐकू आली.) शेवटी हिने तोडगा काढला. आधी लिली सांभाळून दाखवा, मग बाळाचं बघू.
हात्तिच्या! शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो मी. लिली म्हणजे किस झाड की पत्ती!

सकाळी ७.३०
पहिली तपासणी. बटणाची पद्धत तीच पानाला: चिमटीत धरायचं, ओढायचं, सोडायचं. हातात येतं ते मुळातच कच्चं. कुंडी १: पानं बेचाळीस, सगळी पास. कुंडी २: अडतीस, पास. कुंडी ३ मरतुकडी, अकरा पानं. रिजेक्ट. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर फुटक्या बादलीमागे ठेवून दिली.
तपासणी रोज दोनदा. शिस्त म्हणजे शिस्त.

६ मार्च, गुरुवार
कुंडी १ ची सहा पानं गळाली. अचानक! काल संध्याकाळी धडधाकट होती, मी स्वतः ओढून पाहिली होती.
निदान: पाणी कमी. उपाय: पाणी दुप्पट.
शर्टाचं बटणही सवयीने ओढून पाहिलं, हातात आलं. हल्ली दोऱ्यात दमच राहिला नाही.

९ मार्च, रविवार
आणखी तेरा. निदान बदललं: पाणी जास्त. पाणी बंद. परिस्थिती गंभीर असल्यामुळे तपासणी दिवसातून चारदा.
हिचा फोन. लिली कशी आहे म्हणाली. मी म्हटलं, निरीक्षणाखाली. जेवता ना वेळेवर, म्हणाली. लिलीचं परत विचारलं नाही. म्हणजे विश्वास बसला.

११ मार्च, मंगळवार
नर्सरीवाल्याला घरी आणलं. त्याने माती उकरली, कंद दाबून पाहिला, हुंगला. म्हणे, कंद ठणठणीत आहे, कीड नाही, बुरशी नाही. मग विचारलं, पानांना कोणी हात लावतं का? मी म्हटलं, कोणाची टाप आहे! मी फक्त तपासतो. कसं, म्हणाला. करून दाखवलं. दोन पानं आली. त्याने एकदा पानांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाला, काका, ओढू नका, आपोआप थांबेल.
हे आजकालचे तज्ज्ञ! ओढायचं नाही तर पक्कं की कच्चं ते कळणार कसं?

१४ मार्च, शुक्रवार
खरं कारण सापडलं. वरच्या मजल्यावरच्या बाई रोज सकाळी दोरीवरच्या उड्या मारतात. हादरे! वर जाऊन सभ्य शब्दांत सांगितलं की तुमच्या वजनाने माझी पानं पडतायत. दार आपटलं. त्या हादऱ्याने आणखी चार पडली असणार.
कामवाल्या मावशी म्हणाल्या, साहेब, त्या झाडाला जरा सुखाने जगू द्या की. त्यांना यातलं काय कळतं?

१७ मार्च, सोमवार. दुपारी १२
शिल्लक: कुंडी १, दोन पानं. कुंडी २, पाच. नातीला सांभाळायची पाळी हातची जाते की काय!

दुपारी ४
सुचलं! निखळलेल्या बटणाला उपाय एकच, टाका. गळलेली ताजी नऊ पानं हिरव्या दोऱ्याने दांड्याला शिवली. ओढून पाहिली. नऊच्या नऊ पास!!
माझ्या शर्टाला दोरा उरला नाही. असो, त्याग करावाच लागतो.

२० मार्च, गुरुवार
मूळची सातही गेली. शिवलेली पिवळी पडून कुरकुरीत झाली आहेत, पण जागेवर आहेत. याला म्हणतात क्वालिटी.

२३ मार्च, रविवार
आल्या. ही, लेक, नात. ही चप्पल न काढताच गॅलरीत गेली. मी अहवाल वाचायला घेतला. तिने ऐकलाच नाही. शिवलेली पानं पाहिली, मग माझा शर्ट पाहिला. सहांतलं एकच बटण शिल्लक होतं. परत पानं पाहिली. मग हळूच म्हणाली, एकतीस वर्षं मला वाटत होतं, माझाच टाका कच्चा असतो.
मी अहवालाची घडी घातली.
मावशींनी बादलीमागून कुंडी ३ काढली. बावीस पानं आणि एक टपोरं फूल. त्या रोज तांब्याभर पाणी घालत होत्या. बाकी काही नाही, म्हणाल्या.
लेक पाळणाघराला फोन करायला आत गेली. तेवढ्यापुरती नात माझ्या मांडीवर. लेक जाता जाता म्हणाली, बाबा, नुसतं धरा, काही तपासू नका. मी नुसतं धरलं. फार बरं वाटलं. नातीने माझं शेवटचं बटण मुठीत धरलं, ओढलं. निघालं. खुदकन हसली. तोंडात घालायच्या आत हिने ते काढून घेतलं, नातीलाही उचललं. माझी पाळी एकूण दीड मिनिट.
उद्यापासून पाळणाघर. ही सुईदोरा घेऊन समोर बसली आहे. बटण मुळातच कच्चं होतं, असं म्हणणार होतो. पण म्हटलं नाही.