दाराशी टोपली

दि. ८ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीला म्हणावं, गुडघा दुखतोय तोवर जिना चढू नकोस, हुकूम खालूनच सोड.

माझी बातमी तिखट आहे. नर्सिंग कॉलेजात मी औषधाची मात्रा काढायला शिकवते, पण यंदा वर्गात कुणी पेन उचलतच नाही. फळा भरला की सगळ्या जणी फोन वर धरतात, फोटो काढतात, की पुन्हा माना खाली. काल माझं डोकं फिरलं. लहान मुलाला दोन मिली लागतं तिथे मी मुद्दाम वीस लिहिलं. सगळ्यांनी फोटो काढला, एकीलाही काही खटकलं नाही! उद्या ह्याच पोरी खऱ्या मुलाला सुई टोचणार, दादा.

आजपासून दाराशी टोपली ठेवली आहे. फोन, लॅपटॉप, सगळं तिच्यात. पोरींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आहेत. प्राचार्यबाईंनी आठवण करून दिली की मला कायम करायचं की नाही हे वर्षअखेरीस विद्यार्थिनींच्या अभिप्रायावरही ठरतं. मी म्हटलं, ठरू दे. नोकरी गेलीच तर तुमच्याकडे येऊन राहीन.

लोभ आहे तेवढा तरी टिकवावा.
तुझी ठिणगी

दि. १६ जुलै

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

वहिनी म्हणते, खुशाल ये, पण टोपली तिकडेच ठेवून ये. तिला तिचा फोन प्यारा आहे.

तू केलंस ते योग्यच. एक मात्र विचारतो. माझा जन्म कारखान्यातल्या लेथच्या खडखडाटात गेला आणि कान त्यातच गेले. कानातल्या यंत्राशिवाय मला तुझ्या वहिनीची बोलणीही ऐकू येत नाहीत (त्याचं फारसं दुःख नाही). मी तुझ्या वर्गात आलो, तर हे यंत्रही टोपलीत टाकायला लावशील? सुक्याबरोबर ओलंही जळतं. जरा बघून घे.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
दादा

दि. २ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून चपापले. मागच्या बाकावरची एक मुलगी येईनाशी झाली होती. मला वाटलं, फोनशिवाय करमत नसेल. तिच्या खोलीवर गेले तेव्हा कळलं, तिला फार कमी ऐकू येतं. माझं बोलणं फोनवर अक्षरांत उमटायचं, ते वाचून ती शिकत होती. सगळ्यांदेखत सवलत मागायची तिला लाज वाटली. मी तिची माफी मागितली. आता ती पुढच्या रांगेत बसते आणि फोन तिच्या बाकावर असतो. बाकीच्या कुरकुरल्या, तेव्हा सांगितलं, चष्मा ज्याला लागतो त्याने लावावा.

टोपली मात्र जागची हललेली नाही. उलट रोज एक चुकीचं गणित फळ्यावर घालते. चूक सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. सध्या घंटा होऊन गेली तरी सगळ्या बसलेल्या असतात, मला शिव्या घालत, पण हातात पेन धरून.

तुझी खोचक वाक्यं अशीच येऊ देत.
ठिणगी

दि. ११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल प्राचार्यबाई तपासणीला येऊन मागे बसल्या. अभिप्राय आधीच त्यांच्या हाती आले होते, आणि ते काही गोड नव्हते. मी गणित घातलं, उत्तर लिहिलं आणि वळले, तर अर्ध्या वर्गाचे हात वर. सगळ्यांत आधी त्या पुढच्या रांगेतलीचा. मात्रा दहापट झाली आहे, म्हणाली. रोजचा सापळा समजून सगळ्या हसल्या.

दादा, तो सापळा नव्हता. मी खरोखरच चुकले होते.

नंतर प्राचार्यबाईंनी विचारलं, हे मुद्दाम होतं ना? हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. मी नाही म्हटलं. मी चुकले आणि पोरींनी पकडलं, टोपली त्यासाठीच आहे, असं सांगितलं. त्यांनी तपासणीची वही मिटली. मग म्हणाल्या, शेजारच्या वर्गाच्या दाराशीही एक टोपली ठेवू. मला कायम करण्याबद्दल त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

वहिनीला नमस्कार, आणि तुझी माया असू दे.
ठिणगी

दि. १८ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

वहिनीने तुझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती. पत्र वाचलं आणि माझी हत्यारं पुन्हा तिथे रचायला सांगितली. म्हणाली, हिला कोण काढतंय!

मला कधी सुई टोचून घ्यायची वेळ आली, तर त्या पुढच्या रांगेतलीला पाठव. आम्हा दोघांनाही ऐकू येत नाही, पण तिला चुकलेली मात्रा दिसते. मला तेवढं पुरे.

तुझा,
दादा