हनुवटीचा पट्टा

प्रिय मेरिन,

कुरणातल्या छावणीत, आपल्या नेहमीच्या राहुटीत, धान्याच्या पेटीवर कागद ठेवून तुला लिहिते आहे. दुपारचे तीन वाजले असावेत. घड्याळ, फोन, चष्म्याची प्लास्टिकची डबीसुद्धा मी छावणीच्या दोराबाहेर गाडीत ठेवून आले आहे. दोराच्या आत आपण चौदावे शतक जगतो, तेथे त्या काळात नसलेले काहीही दिसता कामा नये, हे तूच मला पहिल्या दिवशी शिकवलेस. डॉरीन रात्रीच्या जेवणासाठी पाव आणायला गावात येणार आहे. तिच्या हाती हे पत्र आणि एक लहानसे पुडके देते आहे. पुडके आधी उघडू नकोस. पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग उघड. उद्या दुपारी बारा वाजता मी प्रथमच मैदानात उतरणार आहे, आणि मला इतकी भीती वाटते आहे की पिसाच्या लेखणीवरची शाई दोनदा कागदावर गळली. डाग पडले आहेत, त्यांकडे दुर्लक्ष कर.

तुला आठवते, चार वर्षांपूर्वी तू मला येथे ओढून आणलेस तेव्हा मी ग्रंथालयातून बाहेरच पडत नसे. तू म्हणालीस, “नुसतं वाचत काय बसतेस? चल, पुस्तकात राहायलाच ये.” आणि मी जांभळ्या मखमलीचा झगा घालून आले! आठवडाभर शाळेची बस चालवणारी आणि सुट्टीत आपल्या छावणीची चूल सांभाळणारी डॉरीन कमरेवर हात ठेवून मला न्याहाळत राहिली, आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अगं बाई, राणीसाहेब आल्या! आता कढई कोण घासणार?” मी लाजेने गाडीत जाऊन बसले. तूच मला परत आणलेस, तुझा जुना लोकरी झगा अंगावर चढवलास आणि सांगितलेस की आत लिनन, वर लोकर, कारण ठिणगी उडाली तर लोकर धुमसते, भडकत नाही. आधी अंगरखा, मग जोडे, मग स्वतःचा वाडगा आणि चमचा. लोखंड सर्वांत शेवटी. अनेक उत्साही माणसे पहिल्याच वर्षी चिलखत विकत घेतात आणि दुसऱ्या वर्षी विकून टाकतात, असे तू म्हणत असस. मी तुझे इतके ऐकले की तीन वर्षे लोखंडाला हातसुद्धा लावला नाही. सुई, आरी आणि दोरा एवढेच माझे शस्त्र होते.

भीती मात्र तेव्हाही होती. पहिल्या मुक्कामात पेंढ्याच्या गादीवर आडवे होण्यापूर्वी तू काठीने ती गादी चारी बाजूंनी बडवलीस. मी कारण विचारले, तर तू सहज म्हणालीस, “पट्टेरी साप असतो कधीकधी. आपल्याकडे एप्रिलात थंडी सुरू झाली की उबेला येतो बिचारा.” त्या ‘बिचारा’ शब्दाने माझी झोप उडाली. तू माझा हात धरून झोपलीस. आज सकाळी मी एकटीनेच गादी बडवली. साप नव्हता. तरीही मी बराच वेळ काठी हातात धरून उभी होते. कारण ज्याची भीती वाटते ते गादीत नाही, हे मला ठाऊक होते.

या वर्षी मी लढाईच्या सरावाला जाऊ लागले, हे तुला आपल्या आईकडून कळले असेल. तू काहीच विचारले नाहीस. गुडघ्यापर्यंतची जाड, रजईसारखी शिवलेली बंडी मी स्वतः शिवली. तिच्यावर कड्यांचे चिलखत चढवले की खांदे खाली ओढले जातात आणि श्वास उथळ होतो. पट्टा कमरेला आवळला की निम्मे वजन कमरेच्या हाडांवर येते, हेही मी आता शिकले आहे. बोथट तलवार, लाकडी ढाल, हातमोजे हे सर्व हळूहळू जमले. केवळ शिरस्त्राण नव्हते. फेब्रुवारीत, छावणीची शस्त्रे आणि चिलखते तपासणाऱ्या म्हाताऱ्या ट्रिगने मला त्याच्या शेडमध्ये बोलावले. गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी त्याने बाकावर ठेवले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “दोन वर्षं पडून आहे. दुसरं कुणी घालायला धजत नाही. घरातलंच आहे, घरातच राहू दे.” ते तुझे होते, मेरिन. डाव्या कानशिलावरचा खळगा त्याने ठोकून सपाट केला आहे, पण बोट फिरवले की लागतो.

त्याच्या आत डोके घातले की जग बोटभर रुंदीच्या फटीएवढे उरते. स्वतःचा श्वास दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा ऐकू येतो. सरावातला माझा जोडीदार लॅकी म्हणतो, “पुस्तकातला किडा आता डब्यात शिरला!” आणि सारे हसतात, मीही आतून हसते, कारण त्यांच्या हसण्यात दुष्टपणा नाही. परंतु आणखी एक गोष्ट ते म्हणतात, ती तुला कुणी सांगितली नसेल. नवा माणूस शिरस्त्राण चढवू लागला की कुणीतरी हमखास ओरडते, “आधी बक्कल बघ रे, नाहीतर मेरिन होशील!” ते आता छावणीचे बोलणेच झाले आहे. ज्यांनी तुला कधी पाहिलेही नाही, तेसुद्धा तसेच म्हणतात. परवा एका नव्या मुलीने मला विचारले, “ही मेरिन म्हणजे कोण? फार वेंधळी होती का?” मी पाण्याची घागर उचलली आणि ओढ्यावर निघून गेले. घागर भरलेलीच होती.

आणि आज सकाळी जे घडले त्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. सरावात लॅकीचा वार माझ्या डाव्या कानशिलावर बसला. वार नियमातला होता, हलकाच. पण शिरस्त्राण आतल्या आत किंचित फिरले, फट डोळ्यांपुढून सरली, सगळा अंधार झाला, आणि मी किंचाळले, “थांबा!” तुला माहीत आहे, ही हाक आली की मैदानातल्या प्रत्येकाने जेथे असेल तेथे एक गुडघा टेकायचा असतो, कारण कुणाच्या तरी जिवावर बेतलेले असते. वीस-बावीस माणसे शस्त्रे खाली ठेवून माझ्यासाठी ओल्या गवतात गुडघ्यावर बसली, आणि मला काहीही झालेले नव्हते. ट्रिग धापा टाकत आला. “काय झालं पोरी? कुठं लागलं?” माझ्या तोंडून एवढेच बाहेर पडले, “पट्टा.” त्याने हनुवटीखालचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. “अगं, दोन्ही बाजूंना दोन-दोन रिव्हेट मारलेत मी. याला बैल बांध, बैल थकेल.” मग आवाज खाली आणून त्याने विचारले, “उद्या तुझा साक्षी कोण?” मी उत्तर दिले, “मेरिन.” कुणी हसले नाही. डॉरीन दोराबाहेरून हळूच म्हणाली, “ती नाही गं यायची, सोन्या. दुसरं कुणी बघ.”

साक्षीची चाल तुला सांगायला नको. तुझ्याच हाताखाली मी ती शिकले. लढणारा आपले बक्कल आपणच लावतो, मग त्याचा साक्षी पट्टा ओढून पाहतो, शिरस्त्राणावर तळवा ठेवतो आणि मोठ्याने ‘पाहिलं’ म्हणतो. तो शब्द आल्याखेरीज कुणीही मैदानाचा दोर ओलांडत नाही. तेरा वर्षे तू किती जणांच्या डोक्यावर तळवा ठेवलास! दोन वर्षांपूर्वीच्या ईस्टरला तुझ्या डोक्यावर माझा तळवा होता. मी म्हटले, “पाहिलं.” तिसऱ्याच फेरीत तुझे शिरस्त्राण उडाले, आणि पाठोपाठचा वार, जो मारणाऱ्याला आवरता येण्याजोगा नव्हता, तुझ्या उघड्या कानावर बसला. रुग्णवाहिकेत तू जबडा न हलवता पुटपुटलीस, “मीच बक्कल नीट अडकवलं नसेल.” सर्वांनी ते मान्य केले. तूही केलेस.

तेव्हापासून मी जेवणाच्या टेबलावर नेहमी तुझ्या उजव्या बाजूला बसते. तुला वाटते, ऐकू यावे म्हणून. ते खरेच आहे, परंतु डावी बाजू मला दिसू नये म्हणूनही. मी आणखीही काही पाहिले आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी तू आसनाचा पट्टा तीन वेळा ओढून पाहतेस. गॅसची कळ बंद केल्यावर पुन्हा स्वयंपाकघरात परततेस. नाताळच्या जेवणात तू म्हणालीस, “तेरा वर्षं लोकांची बक्कलं तपासली, आणि स्वतःचंच...” आणि पुढे न बोलता बटाटे वाढू लागलीस. तुझा एक कान गेला, हे तू सहन केलेस. परंतु तुझा तुझ्याच हातांवर विश्वास उरला नाही, आणि तो उडताना मी समोर बसून जेवत होते.

आता ते सांगते. त्या वर्षी ट्रिगने तुझा नायलॉनचा पट्टा नाकारला होता, आणि शिरस्त्राणाला चामड्याचा नवा पट्टा शिवून देण्याचे काम तू माझ्यावर सोपवलेस. “तुझ्याएवढा बारीक टाका कुणाला येतो?” म्हणालीस. चामडे चांगले होते. मेण लावलेला जाड लिननचा दोरा मात्र मी माझ्या जोड्यांवर संपवला होता. पेटीत कृत्रिम धाग्याची रीळ होती, तुझे वजन पेलेल इतकी मजबूत; ती मी खोटी म्हणून बाजूला सारली. माझ्या पुस्तकाला ती चालली नसती! त्याऐवजी भरतकामाचा बारीक लिननचा धागा घेतला, मेणाशिवाय, कारण तो अस्सल होता. डाव्या बाजूचे टाके घालून झाल्यावर मी पट्टा ओढला, तेव्हा एक टाका तुटल्याचा अगदी बारीक आवाज आला. तेवढ्यात मैदानावर शिंग वाजले, तू हात पुढे केलास, सारे आपल्याकडे पाहत होते, आणि मला थांबा म्हणण्याची लाज वाटली. चारचौघांत बोलण्याची लाज, मेरिन; दुसरे काही नाही. दोराशी मी तुझा पट्टा ओढल्यासारखे केले, ओढला नाही. ओढला तर तुटेल याची भीती होती. आणि मग मी तो शब्द उच्चारला.

सारे तुझ्याभोवती धावले तेव्हा शिरस्त्राण मी उचलले. डाव्या बाजूचे टाके उसवून पट्टा लोंबत होता. उजवी बाजू मी चाकूने कापली आणि पट्टा झग्याच्या आत दडवला. ट्रिगने विचारले, तेव्हा मी सांगितले, बक्कल सुटलेले होते आणि पट्टा कुठे पडला ते दिसले नाही. आयुष्यात मी इतके मोठ्याने आणि इतके स्पष्ट कधीच बोलले नव्हते.

मी लढायला का शिकले, हे आज गवतात वीस माणसे गुडघ्यावर बसलेली पाहून मला उमगले. तोच वार त्याच जागी माझ्यावर बसला की ते ऋण फिटेल, असे कुठेतरी मी धरून चालले होते. ते फिटत नसते. माझ्यावर वार बसल्याने तुझ्या हाताला काहीही परत मिळणार नाही. म्हणून उद्या बारा वाजता, शिरस्त्राण चढवण्यापूर्वी, मी दोराशी उभी राहून ट्रिगला, डॉरीनला, लॅकीला आणि त्या नव्या मुलीला हे सर्व सांगणार आहे. माझा आवाज फुटेल की नाही, कोण जाणे. त्यानंतर ते मला मैदानात उतरू देतील, की कायमचे दोराबाहेर काढतील, हेही ठाऊक नाही. साक्षी होण्यासाठी ये, असे तुला लिहायचे मी सकाळी ठरवले होते. आता ते मागण्याचा हक्क मला नाही. परंतु त्यांना कळण्याआधी तुला कळायला हवे होते, आणि माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवावास असे मी काही ठेवलेले नाही. आता पुडके उघड. त्यात तो पट्टा आहे. डाव्या टोकाला उसवलेले टाके दिसतील, ते माझे. मग बक्कल बघ. ते लागलेलेच आहे, तिसऱ्या भोकात, जिथे तू नेहमी लावतेस. त्या दिवसानंतर ते कुणीही उघडलेले नाही.

तुझीच,
एल्स्पेथ