काळ्या स्कीला लावलेलं कुंकू

ती. उल्काताईस,

उल्हासचा दंडवत. साष्टांग लिहिणार होतो, पण आठांपैकी सहा अंगं ठणकतायत, सातवं बधिर आहे आणि उरलेल्या उजव्या हाताने हे पत्र लिहितोय. तेव्हा आहे तेवढं गोड मानून घे. तुझं बीपी कसं आहे? हेमचंद्र भावोजींचे गुडघे काय म्हणतात? मॉरिसव्हिलला म्हणे परवा पाव इंच बर्फ पडला आणि शाळा बंद झाल्या. शहाणी माणसं राहतात गं तुमच्याकडे! बर्फ दिसला की दार लावून घ्यावं आणि भजी तळावीत. आम्ही मात्र टेक्सासमधलं, शुगर लँडचं घामट, सोन्यासारखं घर विकून या कोलोरॅडोत येऊन पडलो, का तर म्हणे हवा चांगली. (फोन का केला नाही म्हणशील, तर तो डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या पाळण्यातून खाली दरीत पडला. बर्फ वितळला की मे महिन्यात सापडेल, असं तिथला माणूस हसत हसत म्हणाला. शिवाय हे सगळं फॅमिली ग्रुपवर टाकण्यासारखं नाही, हे तुला पुढे कळेलच.)

विषय आमच्या लेकीच्या, ऋताच्या स्कीचा आहे. स्लॅलम म्हणजे काय हे तुला माहीत नसेल तर तू नशीबवान आहेस. उतारावर ओळीने खांब रोवतात आणि पोरांनी त्यांच्यामधून नागमोडी, मागे वाघ लागल्यासारखं खाली यायचं. खांब मध्ये आला तर वळसा घालायचा नाही, नडगीने आडवा पाडून पुढे जायचं. हे करणारी कोण, तर जी लहानपणी बागेतल्या घसरगुंडीवर माझी करंगळी सोडत नव्हती ती. गेल्या वर्षी तिच्या क्लबातल्या एका मुलीच्या गुडघ्याचे सगळे दोर तुटले. तेव्हापासून ऋता जिना उतरली तरी मला फक्त तिचे गुडघे दिसतात. मला भीती वाटते, ताई. सरळ सांगतो, कारण लहानपणापासून तुला माहीतच आहे, आणि इथे घरी मात्र 'बाबा सगळं ॲनलाइज करतात' अशी माझी ख्याती आहे.

तर स्लॅलमच्या दोन जोड्या. एक निळी, दोन वर्षं वापरलेली, आमच्या घरात रुळलेली. दुसरी काळी, क्लबातल्या एका थोरल्या मुलीची, कोचने 'वापरून बघा, रविवारी संध्याकाळी सांगा' म्हणून आणून दिलेली. लांबी तीच, वळण तेच. जाता जाता कोच म्हणाला, ही काळी फार फास्ट आहे हं. मी लगेच एकोणीस कॉलमांचा तक्ता केला, रात्रंदिवस आकडे कोंबले, पण प्रत्येक वेळी काळीच वर यायची. (शेवटी 'रंग' असाही कॉलम घालून निळीला दहापैकी दहा दिले. तरी नाहीच.) ऋता म्हणाली, बाबा, तक्त्यावर स्की चालत नाही. एकच सकाळ, एकच उतार, आधी निळी, मग काळी, आणि फैसला.

आता जे सांगतो ते वाचून लगेच रागावू नकोस. आपल्याकडे नवी वस्तू घरात आली की हळदकुंकू लावतातच की नाही? गाडीला लावलं, फ्रीजला लावलं, सुमेधाच्या एअर फ्रायरलाही लावलं. मग स्कीनेच काय घोडं मारलंय? फरक एवढाच, की बोट वरून टेकवायचं सोडून मी शनिवारी दुपारी गराजमध्ये काळी जोडी उलटी केली, अर्धी वाटी कुंकू खोबरेल तेलात कालवलं आणि तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत लिंपलं. तो तळ घसरावा म्हणून पोरं त्याला मेण लावून तासन्‌तास घासतात. म्हटलं, बसू दे आता. काळी रखडेल, ऋता नाक मुरडेल, निळी घरात राहील आणि मुलगी जरा हळू जाईल. गराजच्या थंडीत खोबरेल दगडासारखं थिजलं. मला पूजेचं ताट घेऊन तिथे बसलेला बघून सुमेधाचे डोळे भरून आले. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण सांगितल्याशिवाय हात जोडताना तिने मला आजवर पाहिलं नव्हतं.

आणि रात्री जेवताना माझी जीभ वळवळली. म्हणालो, मी इंजिनिअर आहे, दुसऱ्याच्या डेट्यावर माझा विश्वास नाही. ऋता शांतपणे म्हणाली, मग उद्या दोन्ही जोड्या आधी तू चालव, मी मागून बघते. (तिचे पाय आपल्या घराण्याचे, म्हणजे होडीएवढे. आमचे बूट एकाच मापाचे, त्यामुळे ती पळवाटही बंद.) स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हे. नाही म्हणावं तर ती लगेच काळी घालणार, आणि घालताना तळ बघणार.

रविवारी सकाळी काळी जोडी तळाला तळ लावून, पट्ट्यांनी आवळून, मीच छातीशी धरून नेली. उतार म्हणजे रात्री यंत्र फिरवून केस विंचरावेत तसा रेघा पाडून ठेवलेला, इथे त्याला ग्रूम केलेला म्हणतात. खालून दिसायला गोजिरवाणा. वर गेल्यावर तो पुढे दिसेनासाच होतो, फक्त कडा दिसते आणि कडेपलीकडे टेक्सासपर्यंत काही नाही. आधी निळी. ताई, माझी रोजची भाड्याची स्की म्हणजे बैलगाडी, आपण हाकू तशी जाते. ही शर्यतीची स्की आपल्याला विचारतच नाही. जरा कलंडलं की गर्रकन वळते, घाबरून दुसरीकडे कलंडलं की तिकडे वळते. मी जीव मुठीत धरून खाली येत होतो आणि लोकांना वाटत होतं, म्हातारा काय झोकात चाललाय! मध्येच काचेसारखा बर्फ लागला. तिथे निळी खडखड करत आडवी घसरत निघाली, थेट झाडांच्या दिशेने. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. झाडाच्या चार हात अलीकडे कसाबसा थांबलो.

मग काळी. ऋताची पाठ वळल्यावर घाईघाईने खाली टाकून पाय अडकवले. पहिली दोन वळणं जरा रखडली, मी मनातल्या मनात नवस फेडला. पण वळताना स्की तळावर कुठे असते? ती असते लोखंडी कडेवर, आणि कडेला मी कुंकू लावलं नव्हतं. पुन्हा तोच काचेचा पट्टा आला. मी डोळे मिटले. आणि ताई, काळीने बर्फ असा धरला, जसा तू मला रस्ता ओलांडताना धरायचीस. तसूभर सरकली नाही. मी डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदा त्या डोंगरावर मला सुरक्षित वाटलं, साधारण चार सेकंद. मग सपाटी आली, स्की तळावर टेकल्या, कुंकू बर्फाला चिकटलं, स्की जागच्या जागी थांबल्या आणि मी एकटाच पुढे गेलो.

उताणा पडून बघतो तो काय! वरपासून खालपर्यंत पांढऱ्या उतारावर लालभडक रेघ, आणि रेघेच्या टोकाला मी. लिफ्टमधली एक बाई किंचाळली. दोन बचाववाले बर्फावरची घसरगाडी घेऊन आले आणि रक्त कुठून येतंय विचारू लागले. मी म्हटलं, कुठूनच नाही. हे त्यांना भयंकरच लक्षण वाटलं. मला पट्ट्यांनी बांधलं, डोळ्यांत बॅटरी मारली, आजची तारीख विचारली. तोंडचं पाणी पळालेलं, मी तिथी सांगितली. तेवढ्यात ऋता आली. तिने एक स्की उचलली, उलटी केली, नाकाशी नेली. रविवारी सुमेधा तिच्या केसांना लावते तोच वास. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग बचाववाल्यांना म्हणाली, "इट्स ओके, इट्स अ रिलिजस थिंग." त्या भल्या माणसांनी स्कीला पाय लागू नये म्हणून ती माझ्या पोटावर ठेवली आणि आमची मिरवणूक खाली निघाली.

खाली गरम चॉकलेट पिताना ती रागावेल म्हणून मी वाट बघत होतो. तिने एवढंच विचारलं, मग, डेटा काय म्हणतो? ताई, निळी म्हणणं किती सोपं होतं! पण मी त्या काचेवर दोनदा गेलो होतो. म्हणालो, काळी. निळी सुटते, काळी धरून ठेवते. हे बोलताना डोंगरावर वाटली नव्हती तेवढी भीती वाटली. काळी ठेवली.

भावोजींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच.

तुझा भित्रा भाऊ,
उल्हास

ता. क. कुंकू निघता निघेना. गेल्या तीन संध्याकाळी मी खरवडतोय, ऋता शेजारी बसून देखरेख करते.

ता. क. २. सुमेधाचा फोन येईल. माझ्यात भक्तिभाव जागा झाला असं तिने मंदिरातल्या बायकांना सांगून टाकलंय. तू 'हो, लहानपणापासूनच आहे' एवढं म्हण.

ता. क. ३. मुद्दा हा, की पुढच्या शनिवारी शर्यत आहे. तू ये. तिकीट मी काढतो. गेल्या दोन वर्षांत मी ऋताची एकही शर्यत पाहिलेली नाही. दर वेळी पार्किंगमध्ये गाडीत हीटर लावून बसतो आणि ती आली की 'मस्त गेलीस' म्हणतो. मला वाटायचं तिला कळत नाही. परवा कुंकू खरवडताना ती म्हणाली, बाबा, मी खाली पोचले की दर वेळी आधी तुला शोधते. तेव्हा तू माझ्या शेजारी, उताराच्या पायथ्याशी बघणाऱ्यांसाठी बांधतात त्या दोरीपाशी उभी राहा आणि माझा हात धर. मी गाडीकडे निघालो तर सोडू नकोस.