दुसऱ्या खांबाचं वळण

३ मार्च

स्पर्धेला अठरा दिवस. दिवसभर शेडमध्ये पंखांवर पातळ पारदर्शक फिल्म गरम इस्त्रीने ताणत होते. बोटं भाजली. आमचा क्लब म्हणजे आम्ही दोघंच — सायकली दुरुस्त करणारा दादा आणि कपडे शिवणारी मी. विमानाला इंजिन नाही. दादाने पेडल मारायचं, त्यावर पंखा फिरणार. दोन खांबांना वळसा घालून परत, मध्ये चाक टेकलं की बाद. आई म्हणते, घरातली सायकल धड चालेना आणि निघाले उडायला!

७ मार्च

सकाळी सराव. वारा पडलेला, तरी विमान जमिनीवरून उठलंच नाही. एरवी शंभर पावलांत वर जातं. वजन करून पाहिलं — विमान बत्तीस किलो, दादा एकोणसाठ. होतं तेवढंच. पण मातीत चाकाची खूण चांगली बोटभर खोल.

८ मार्च

दादा म्हणतो, आत बसलं की मानेवर श्वास लागतो. म्हटलं, फट असेल. दोन तास शोधली. नाही सापडली.

१२ मार्च

उडालं! दादा उतरला, पण हसला नाही.

२१ मार्च

स्पर्धा. पहिला खांब झाला. मी खालून सायकलवर, मान वर करून. दुसऱ्या खांबाआधी विमान खाली यायला लागलं. फिल्ममधून दादाचे पाय दिसत होते. पेडलवरून सुटून नुसते लोंबत होते.

पेडल मात्र फिरत होतं.

विमान सावरलं, वळलं, रेषेपलीकडे अलगद टेकलं. लोकांनी दादाला उचलून घेतलं. दुसऱ्या खांबापाशी बसलेले दोघे निरीक्षक तेवढे जागचे हलले नाहीत.

घरी त्याच्या पिंढऱ्या चोळताना विचारलं. म्हणाला, "पायांतला जोर खांबाआधीच गेला होता."

कुणाला सांगितलं नाही. आधी निकाल लागू दे.

२ एप्रिल

संघटनेचं पत्र आलं. उड्डाण बाद. नियमाप्रमाणे विमानात एकच माणूस हवा. दुसऱ्या खांबावरच्या दोन्ही निरीक्षकांनी, वेगवेगळं विचारूनही, आत दोन माणसं सांगितली.

मी पत्र फाडायला निघाले होते. दादाने हातातून घेतलं, दोनदा वाचलं. किती दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला.

"म्हणजे त्यांनाही दिसला," म्हणाला.